विश्लेषण : घटस्फोटानंतर मूल कोणाकडे, यापेक्षा ‘कधी आणि किती वेळ’ हा प्रश्न महत्त्वाचा का?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की कौटुंबिक न्यायालयांत एका ठरावीक प्रकारचे अर्ज येऊ लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत मूल आईकडे किती दिवस राहणार, वडिलांकडे किती दिवस, आजी-आजोबांकडे गावी कधी जाणार, हे ठरवून द्या, अशी विनंती त्यांत असते. दिवाळीच्या आधीही तेच घडते. यातील अनेक दाम्पत्यांचा घटस्फोट केव्हाच झालेला असतो, पोटगीची रक्कमही ठरलेली असते. तरी वाद संपत नाही. कारण घटस्फोटाच्या कागदपत्रांत मुलाचा ताबा कोणाकडे, हे एका ओळीत लिहिलेले असते. पुढची दहा-बारा वर्षे मुलाचे दिवस दोन घरांत कसे वाटले जाणार, हे मात्र लिहिलेलेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या दोन निर्णयांनी हाच मुद्दा ठळकपणे पुढे आणला. ताब्याचा कायदा काय सांगतो, संयुक्त पालकत्व म्हणजे काय आणि वेळेचे नियोजन कागदावर कसे आणावे, याचा हा आढावा.

‘पालकत्व’ आणि ‘ताबा’ यांत फरक काय?

बोलताना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात ते वेगळे आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि त्याच्या मालमत्तेची देखभाल करण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहणार, त्याचा डबा कोण भरणार, रात्री ताप आला तर डॉक्टरांकडे कोण नेणार, हे. एका पालकाकडे ताबा असला म्हणून दुसऱ्याचे पालकत्व आपोआप संपत नाही. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला सहसा भेटीचा हक्क मिळतो. या भेटी दोन-तीन तासांच्या असू शकतात, रात्रीच्या मुक्कामाच्या असू शकतात किंवा सुट्टीतील काही आठवड्यांच्याही असू शकतात. प्रत्यक्षातले बहुतेक भांडण या तिसऱ्या गोष्टीवरून, म्हणजे भेटीच्या वेळेवरून होते.

कायदे कोणते लागू होतात?

सर्व धर्मीयांना लागू असलेला मूळ कायदा ब्रिटिशकालीन आहे, १८९० चा पालक व पाल्य कायदा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. घटस्फोटाचा दावा सुरू असतानाच मुलांच्या ताब्याबाबत आदेश देण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये आणि विशेष विवाह कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. पारशी व ख्रिस्ती दाम्पत्यांच्या स्वतंत्र कायद्यांतही अशा तरतुदी आहेत. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलाच्या ताब्याचा प्राथमिक हक्क आईकडे मानला जातो. मात्र वाद न्यायालयात गेला की तेथेही मुलाचे हित पाहिले जाते.

१९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना वडिलांच्या सहीचा आग्रह धरला गेला, तेव्हा त्यांनी या तरतुदीला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच घ्यायचा नाही, असे स्पष्ट केले. वडील मुलाच्या देखभालीपासून दूर असतील किंवा त्यांनी ती जबाबदारी आईवरच सोपवली असेल, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. त्याच कायद्याचे कलम १३ सांगते की, मुलाचे हित हाच सर्वांत वरचा निकष. आई-वडिलांचे हक्क त्यानंतर येतात.

पाच वर्षांखालील मूल आईकडेच, हा पक्का नियम आहे का?

पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा, असे कलम ६ म्हणते. ‘सामान्यतः’ हा शब्द महत्त्वाचा. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आपण योग्य आहोत हे आईने सिद्ध करायचे नसते. आईकडे ताबा देणे मुलाच्या हिताचे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर असते. पाच वर्षांनंतर मूल आपोआप वडिलांकडे जाते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पाचव्या वाढदिवसाला काहीच आपोआप घडत नाही. मूल जिथे रुळले आहे, तिथून त्याला हलवण्यासाठी ठोस कारण द्यावे लागते.

न्यायालय मुलाचे हित कसे ठरवते?

मुलाचे वय, लिंग, धर्म, मृत आई-वडिलांची इच्छा असल्यास ती, पालकांचे मुलाशी नाते, अशा बाबी १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये नोंदवल्या आहेत. समजून-उमजून पसंती सांगता येईल एवढे मूल मोठे असेल, तर न्यायालय त्याचे म्हणणे विचारात घेऊ शकते. त्यासाठी ठरावीक वय कायद्यात लिहिलेले नाही. न्यायाधीश अनेकदा मुलाशी दालनात एकट्याने बोलतात. मात्र मुलाची इच्छा हा एक घटक आहे, तो निकाल नव्हे. पढवलेली उत्तरे ओळखण्याचा प्रयत्नही न्यायालय करते.

महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. ते दोन्ही पालकांशी आणि मुलाशी बोलून न्यायालयाला अहवाल देऊ शकतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. कोणत्याही एका पक्षाने मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. वकील हा तेथे हक्क म्हणून नसतो, न्यायालयाच्या परवानगीने असतो. या रचनेमागचा हेतू साधा आहे. कुटुंबाचा वाद फौजदारी खटल्यासारखा लढला जाऊ नये.

यात एक अडचण मात्र कायम राहते, ती विलंबाची. अंतरिम आदेशाने मूल एका घरी राहू लागते. सुनावणी लांबते, शाळा सुरू होते, मित्र होतात. मग ‘मूल येथे रुळले आहे’ हाच सर्वांत भक्कम युक्तिवाद होऊन बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बराच काळ वडिलांकडे असलेल्या एका मुलीचा ताबा आईकडे देताना हा युक्तिवाद अखेरचा मानला नाही. आईचा सहवास मुलीला मिळालाच नव्हता, मग तुलना कशी करणार, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. पण प्रत्येक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात नाही. म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत दुसऱ्या पालकाची नियमित भेट सुरू होणे, अंतिम निकालाइतकेच महत्त्वाचे ठरते.

भेटीच्या वेळेचे गणित काय सांगते?

‘भेटीचा हक्क मिळाला’ हे वाक्य ऐकायला पुरेसे वाटते. आकडे मांडले की चित्र बदलते.

समजा, आदेशानुसार वडिलांनी महिन्यातून दोन शनिवारी, सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत मुलीला भेटायचे आहे. वर्षाला २४ भेटी, प्रत्येकी सहा तास, म्हणजे १४४ तास. वर्षातले पूर्ण सहा दिवस. एखादी भेट मुलीच्या परीक्षेमुळे, एखादी वडिलांच्या कामामुळे बुडाली की तेवढेही उरत नाहीत.

आता दुसरी रचना पाहू. एक आड एक आठवड्याला शुक्रवार सायंकाळ ते रविवार सायंकाळ आणि मोठ्या सुट्ट्यांची निम्मी वाटणी. उन्हाळा आणि दिवाळी मिळून साधारण ६० दिवस सुट्टी धरली तर त्यातील ३० रात्री. उरलेल्या सुमारे ४३ आठवड्यांतील २२ शनिवार-रविवारांच्या मिळून ४४ रात्री. एकूण ७४, म्हणजे वर्षाच्या साधारण २० टक्के. याच रचनेत शाळेच्या दिवसांत आठवड्यातून एका रात्रीचा मुक्काम वाढवला तर आकडा ११७ वर, म्हणजे ३२ टक्क्यांवर जातो.

पहिल्या रचनेत वडील म्हणजे पाहुणे. ते मुलीला मॉलमध्ये नेतात, भेटवस्तू देतात आणि परत सोडतात. तिसऱ्या रचनेत ते गृहपाठ घेतात, गणवेशाला इस्त्री करतात, सकाळी रागावतातही. ताबा तिन्ही वेळा आईकडेच आहे. नाते मात्र वेगवेगळे आहे. आई-वडिलांच्या जागा उलट असल्या तरी गणित हेच राहते.

संयुक्त ताबा म्हणजे निम्मा-निम्मा वेळ का?

नाही, आणि गैरसमजाचे मूळ येथेच आहे. संयुक्त ताब्याची व्याख्या आपल्या कायद्यात नाही. न्यायालयांनी ती प्रकरणानुसार वापरली आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुलाने १ जानेवारी ते ३० जून वडिलांकडे आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर आईकडे राहावे, असा आदेश दिला होता. विधी आयोगाने नंतर या निकालाची दखल घेतली. असे आदेश विरळा आहेत, कारण त्यासाठी दोन्ही घरे शाळेच्या टप्प्यात हवीत आणि दोन्ही पालकांत किमान संवाद हवा.

निम्मी वाटणी कागदावर न्याय्य दिसते, पण ती मुलाला मानवेलच असे नाही, हे एप्रिल २०२५ च्या निर्णयातून दिसले. केरळ उच्च न्यायालयाने आठ वर्षांच्या मुलीचा ताबा दर महिन्याला १५ दिवस वडिलांकडे दिला होता. वडील सिंगापूरला नोकरीला होते. मुलीसाठी ते दर महिन्याला केरळमध्ये येत, त्यासाठी त्यांनी घरही भाड्याने घेतले होते. त्यांच्या प्रयत्नांविषयी न्यायालयाला शंका नव्हती. पण न्यायमूर्तींनी मुलीशी बोलून पाहिले, तेव्हा त्या १५ दिवसांत तिला घरचे जेवण मिळत नव्हते आणि वडिलांखेरीज घरात दुसरे कोणीही नव्हते, असे आढळले. धाकटा भाऊ आईकडे होता, त्याच्याशीही ताटातूट होत होती. सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था रद्द केली आणि त्याऐवजी एक आड एक शनिवार-रविवार भेटी व आठवड्यातून दोनदा व्हिडीओ कॉल ठरवून दिले.

जुलै २०२५ मध्ये आणखी एका प्रकरणात न्यायालयाने आपलाच आधीचा निर्णय फिरवला. त्यात मुलाचा ताबा वडिलांकडे देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आधी कायम करण्यात आला होता. मात्र ज्या वडिलांसोबत मूल कधी राहिलेच नव्हते, त्यांच्याकडे जावे लागणार या भीतीने त्याची मानसिक प्रकृती ढासळली. वैद्यकीय अहवाल पाहून न्यायालयाने ताबा आईकडे ठेवला आणि वडिलांच्या भेटी सुरू ठेवल्या.

दोन्ही निर्णयांत वडिलांना दोषी ठरवलेले नाही, त्यांचा संबंधही तोडलेला नाही. न्यायालयाने पाहिले ते एवढेच, की त्या वेळापत्रकात मुलाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो.

परदेशांतील अनुभव काय आहे?

अमेरिकेतील केंटकी राज्याने २०१८ मध्ये समान वेळ हा गृहीत नियम मानणारा कायदा केला. तो अयोग्य आहे असे वाटणाऱ्या पालकाने ते सिद्ध करायचे. ऑस्ट्रेलिया उलट दिशेने गेला. तेथे २००६ मध्ये समान पालक-जबाबदारीचे गृहीतक कायद्यात आले. त्याचा अर्थ मोठ्या निर्णयांत दोघांचा समान वाटा एवढाच होता, पण लोकांनी तो समान वेळेचा हक्क असा घेतला आणि वाद वाढले. अखेर मे २०२४ पासून ते गृहीतक काढून टाकण्यात आले. इंग्लंडने २०१४ मध्ये ‘ताबा’ आणि ‘भेट’ असे दोन वेगळे आदेश बंद करून मूल कोणासोबत कधी राहील, हे एकाच आदेशात लिहिण्याची पद्धत आणली. भारतात समान वेळेची मागणी करताना ऑस्ट्रेलियाचा अनुभव लक्षात ठेवायला हवा.

पालकत्व आराखडा म्हणजे काय?

मुलाचा वेळ, खर्च आणि निर्णय दोन घरांत कसे वाटले जातील, याचा लेखी करार म्हणजे पालकत्व आराखडा. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्याची सविस्तर शिफारस केली. परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी तो संमतीच्या अटींना जोडला आणि न्यायालयाने आदेशात घेतला, की त्याला आदेशाचे बळ मिळते. त्यात पुढील मुद्दे असावेत.

शाळेचे दिवस : कोणत्या वारी मूल कोठे झोपेल, शाळेतून कोण आणेल, क्लासला कोण सोडेल. ‘सोयीनुसार’ आणि ‘वाजवी भेट’ हे शब्द टाळावेत. ज्या दिवशी दोघांचे पटत नाही, त्या दिवशी या शब्दांना काहीच अर्थ उरत नाही.

सुट्ट्या आणि सण : उन्हाळी सुट्टीचा पहिला भाग एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे. गणपती, दिवाळी, नाताळ किंवा ईद, मुलाचा वाढदिवस यांची वाटणी सम-विषम वर्षांनी करता येते. गावची जत्रा, मामाचे लग्न अशा प्रसंगांसाठी दिवस बदलून घेण्याची तरतूद ठेवावी आणि त्यासाठी किती दिवस आधी कळवायचे, तेही लिहावे.

हस्तांतर : मूल कोठे आणि किती वाजता सोपवायचे. दोघे समोरासमोर आले की भांडण होत असेल तर शाळेचे फाटक ही सर्वांत शांत जागा. एकाने सकाळी सोडायचे, दुसऱ्याने दुपारी घ्यायचे.

फोन आणि व्हिडीओ कॉल : सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात भेटीबरोबर संपर्काच्या हक्कावरही भर दिला. ज्याच्याकडे ताबा नाही, त्या पालकाला दररोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असे न्यायालयाने म्हटले. वेळ ठरलेली असावी आणि दुसऱ्याने शेजारी बसून ऐकू नये.

निर्णय : शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, दहावीनंतरची शाखा यांसारख्या गोष्टींत दोघांची संमती. रोजच्या गोष्टींत, मूल ज्याच्याकडे आहे त्याचा शब्द. शाळेच्या नोंदीत आणि पालकांच्या ग्रुपवर दोघांचेही क्रमांक असावेत.

खर्च : पोटगीच्या रकमेखेरीज शाळेचे शुल्क, वैद्यकीय विमा, सहली, क्लास यांत कोणाचा किती वाटा आणि दरवर्षी किती वाढ. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. मुलाच्या खर्चाचा हिशेबही त्यावरच ठरतो. आई कमावती असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येतो.

स्थलांतर आणि पासपोर्ट : बदली झाली, दुसरे लग्न झाले, परदेशी संधी आली तर किती आधी कळवायचे. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी सहसा दोघांची संमती लागते. ती नसल्यास वेगळे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पासपोर्ट कोणाकडे राहील हेही लिहून ठेवावे.

फेरआढावा : तीन वर्षांच्या मुलाला दोन छोट्या भेटी बऱ्या, एक लांब मुक्काम नको. दहाव्या वर्षी उलटे. पंधराव्या वर्षी मुलाच्या मैत्रिणी, सामने आणि अभ्यास आधी येतात. म्हणून दर दोन वर्षांनी किंवा शाळेचा टप्पा बदलताना आराखडा पुन्हा पाहण्याची तारीखच घालावी.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हे आधीच ठरवावे लागते का?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार पहिल्या आणि दुसऱ्या प्रस्तावात सहा महिन्यांचे अंतर असते. २०१७ च्या निकालानुसार न्यायालय ते माफ करू शकते. मात्र त्यासाठी पोटगी, मुलाचा ताबा अशा सर्व प्रश्नांवर दोघांत खरोखर तडजोड झालेली असली पाहिजे. म्हणजे लवकर मोकळे व्हायचे असेल तर मुलाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. व्यवहारात याचा उलटा परिणामही होतो. सुटका लवकर व्हावी म्हणून एक पालक मुलाबाबतच्या कोणत्याही ओळीवर सही करतो आणि दोन वर्षांनी तीच ओळ बदलून मागण्यासाठी न्यायालयात येतो. ताब्याचे आदेश कायमचे बंद होत नाहीत. परिस्थिती बदलली तर ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून सांगितले आहे. पण प्रत्येक बदलासाठी पुन्हा अर्ज, तारखा, वकिलाची फी आणि मुलाची पुन्हा चौकशी आलीच.

आदेश पाळला गेला नाही तर?

भेट नाकारली गेली तर त्याच न्यायालयात आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करता येतो. जाणूनबुजून उल्लंघन झाल्यास अवमानाची कारवाई होऊ शकते, ताब्याचा फेरविचारही होऊ शकतो. मूल बेकायदा रोखून ठेवले असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. आईच्या निधनानंतर मावश्यांकडे असलेल्या मुलीचा ताबा वडिलांना देण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच याचिकेत कायम केला.

दोन गोष्टी मात्र एकमेकींत गुंतवू नयेत. पोटगी थकली म्हणून भेट बंद करता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्ही हक्क मुलाचे आहेत.

मुलाने दुसऱ्या पालकाकडे जायला नकार दिला, तर ‘मुलाचे मन कलुषित केले’ असा आरोप लगेच होतो. २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रवृत्तीची दखल घेतली होती. मे २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सावध केले की, ठोस घटना समोर नसताना असा शिक्का कोणत्याही पालकावर घाईने मारू नये. मुलाच्या नकारामागे खरे कारणही असू शकते.

आराखडा प्रत्येक कुटुंबाला लागू पडतो का?

नाही. जेथे हिंसाचार, व्यसन किंवा मुलाच्या छळाची तक्रार आहे, तेथे ‘दोघांनी बसून ठरवा’ हा सल्ला धोकादायक असतो. भीतीखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात. भेट मुलाला घातक ठरेल असे वाटल्यास ती नाकारू शकतात. मधला मार्ग म्हणजे देखरेखीखालील भेट. मुंबईच्या वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात यासाठी मुलांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र अशी जागा तात्पुरती असावी. जेथे धोका नाही, तेथे मुलाने वर्षानुवर्षे आपल्या आईला किंवा वडिलांना न्यायालयाच्या इमारतीत भेटत राहणे योग्य नाही.

परदेशात स्थायिक मराठी कुटुंबांचे काय?

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे अमेरिका किंवा ब्रिटनमधील न्यायालयाचा आदेश घेऊन आलेल्या पालकाला मूल आपोआप परत मिळत नाही. येथील न्यायालय त्या आदेशाचा विचार करते, पण निर्णय मुलाच्या हितावर घेते, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. याबाबत कायदा करावा यासाठी विधी आयोगाने २०१६ मध्ये अहवाल दिला, २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीनेही अहवाल सादर केला. कायदा झालेला नाही. म्हणून परदेशात वेगळे होणाऱ्या जोडप्यांनी मूल कोणत्या देशात शिकेल आणि भारतात सुट्टीला आल्यावर परतीची तारीख कोणती, हे लिहून घेणे अधिक गरजेचे आहे.

पुढे काय?

आई आणि वडील दोघांनाही एकाच वेळी समान नैसर्गिक पालक मानावे, संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा आणि भेटीच्या वेळेसाठी मार्गदर्शक तत्त्वे द्यावीत, असे विधी आयोगाने २०१५ मध्ये सुचवले होते. दहा वर्षे उलटूनही १८९० आणि १९५६ चे कायदे तसेच आहेत. तोवर काम भागवायचे ते निकालांच्या आधारे आणि आराखड्याच्या जोरावर.

यातील पहिला भाग न्यायालयाच्या हातात आहे, दुसरा पालकांच्या. कायदा बदलण्याची वाट न पाहता कोणत्याही जोडप्याला शाळेचे वार्षिक वेळापत्रक समोर ठेवून बसता येते. वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी मूल कोणत्या रात्री कोठे असेल, हे भरता येते. तो कागद तयार झाला की ‘ताबा कोणाकडे’ या शब्दांवरून चाललेले भांडण बऱ्याचदा निम्मे होते. आणि पुढच्या मेमध्ये आपण कोठे असणार, हे मुलालाही आधीच माहीत असते.